सत्तरच्या दशकातलं रॉक घराघरात पोचवणारा जॉन पील, त्याच गाण्यांच्या आठवणीत रमायला मात्र तयार नव्हता

१९७६ चं वर्ष संपत आलं होतं. इंग्लंडमध्ये बीबीसी रेडिओ १ वर रात्री उशिरा एक कार्यक्रम लागायचा. त्याच्या निवेदकाने श्रोत्यांना एक काम दिलं. आजवर ऐकलेल्या गाण्यांपैकी तुमची सगळ्यात आवडती गाणी कोणती, ते पत्र लिहून कळवा.

पत्रं आली, मतं मोजली गेली आणि पन्नास गाण्यांची यादी तयार झाली. तिचं नाव 'फेस्टिव्ह फिफ्टी'.

पहिल्या नंबरवर होतं लेड झेपलिनचं 'स्टेअरवे टू हेवन'. दुसऱ्यावर डेरेक अँड द डॉमिनोजचं 'लैला'. तिसऱ्यावर बॉब डिलनचं 'डेसोलेशन रो'. आज आपण ज्याला क्लासिक रॉक म्हणतो, ज्याच्या प्लेलिस्ट लावून लोक जुन्या आठवणी काढतात, त्याची यादी या श्रोत्यांनी जवळपास ५० वर्षांपूर्वीच लिहून ठेवली होती.

निवेदकाने खूश व्हायला पाहिजे होतं. कारण यातली बरीचशी मंडळी श्रोत्यांपर्यंत पोचली होती ती त्याच्याच कार्यक्रमांतून. पण त्याच वर्षी त्याच्या हातात रमोन्स नावाच्या अमेरिकन बँडची रेकॉर्ड पडली होती. दोन-दोन मिनिटांची, धडाधड वाजणारी गाणी. ती ऐकल्यावर त्याला कळून चुकलं होतं की आपण इतकी वर्षं जे वाजवलं ते आता जुनं झालंय.

या निवेदकाचं नाव जॉन पील. श्रोत्यांना जे आवडतं तेच वाजवायचं, की जे त्यांनी अजून ऐकलेलंच नाही ते वाजवायचं, या एका प्रश्नावर त्याचं सगळं आयुष्य गेलं.

कापसाच्या व्यापाऱ्याचा मुलगा

पीलचं खरं नाव जॉन रॉबर्ट पार्कर रेव्हन्सक्रॉफ्ट. जन्म ३० ऑगस्ट १९३९ चा, लिव्हरपूलजवळच्या हेसवॉल गावातला. म्हणजे दुसरं महायुद्ध पेटायच्या दोन दिवस आधीचा. वडील लिव्हरपूलमधले कापसाचे व्यापारी. घरात पैसा होता. मुलाला श्रूजबरीच्या बोर्डिंग शाळेत घातलं, पण अभ्यासात त्याने काही फार दिवे लावले नाहीत.

त्याचा जीव रेडिओत होता. त्या काळात बीबीसीवर पोरांना हवं ते संगीत फारसं लागायचं नाही. मग पोरं रात्री रेडिओची सुई फिरवत रेडिओ लक्झेंबर्ग शोधायची. आपल्याकडे आकाशवाणीवर हिंदी सिनेमाची गाणी मिळेनात म्हणून लोक रेडिओ सिलोन लावायचे, तसाच हा प्रकार.

१९५६ मध्ये त्याने रेडिओवर एल्विस प्रेस्लीचं 'हार्टब्रेक हॉटेल' ऐकलं आणि पोरगं कामातून गेलं. आपल्यालाही हेच करायचंय, लोकांना गाणी ऐकवायचीत, हे तेव्हाच डोक्यात बसलं.

शाळा झाली. सक्तीच्या लष्करी सेवेत त्याने रडार ऑपरेटरचं काम केलं. त्यानंतर १९६० मध्ये वडिलांनी त्याला अमेरिकेत टेक्सासला धाडलं. कारण काय, तर पोराने कापसाचा धंदा शिकावा.

पोराने रेडिओ शिकला.

लिव्हरपूलचा म्हणून नोकरी लागली

डॅलसमध्ये त्याने रेडिओवर छोटीमोठी कामं मिळवली. २२ नोव्हेंबर १९६३ ला याच शहरात अमेरिकेचे अध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांची हत्या झाली. पील पोलीस मुख्यालयात गेला, लिव्हरपूलच्या पेपरचा पत्रकार आहे अशी थाप मारून आत शिरला आणि संशयित ली हार्वे ओस्वाल्डला पत्रकारांसमोर आणलं तेव्हा तो त्या गर्दीत उभा होता.

पुढच्याच वर्षी बीटल्स अमेरिकेत आले आणि सगळा देश त्यांच्यामागे वेडा झाला. बीटल्स लिव्हरपूलचे, पीलही त्याच भागातला. केएलआयएफ या स्टेशनने त्याला थेट बीटल्सचा जाणकार म्हणून घेतलं. अमेरिकन श्रोत्यांना लिव्हरपूलचा माणूस मिळाला, एवढंच त्यांना पुरेसं होतं. पुढे ओक्लाहोमा सिटी आणि कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोच्या स्टेशनांवरही त्याने काम केलं.

याच काळातली एक गोष्ट टाळून त्याचं आयुष्य सांगता येत नाही. १९६५ मध्ये २६ वर्षांच्या पीलने टेक्सासमध्ये १५ वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. तिथल्या तेव्हाच्या कायद्यात ते बसत होतं. हे लग्न टिकलं नाही, १९७३ मध्ये घटस्फोट झाला. या विषयाकडे आपण पुढे परत येऊ.

समुद्रातल्या जहाजावरून

१९६७ च्या सुरुवातीला तो इंग्लंडला परतला. तेव्हा तिथे पायरेट रेडिओचा जमाना होता. जमिनीवरून रेडिओ चालवायचा हक्क फक्त बीबीसीला. मग काही लोकांनी शक्कल लढवली. जहाज घ्यायचं, त्यावर ट्रान्समीटर चढवायचा, ब्रिटनच्या हद्दीबाहेर समुद्रात नांगर टाकायचा आणि दिवसभर पॉप गाणी वाजवायची. कोट्यवधी लोक ही जहाजं ऐकायचे.

अशाच एका जहाजावर, रेडिओ लंडनवर, त्याला काम मिळालं. रेव्हन्सक्रॉफ्ट हे आडनाव रेडिओसाठी फार लांबलचक होतं. ऑफिसमधल्या एका सेक्रेटरीने 'पील' सुचवलं आणि तेच आयुष्यभर चिकटलं.

त्याला मिळाली मध्यरात्रीची वेळ. त्या वेळी कोण ऐकतंय म्हणून वरिष्ठांचंही फारसं लक्ष नसायचं. पीलने याचा पुरेपूर फायदा घेतला. हिट गाण्यांची यादी बाजूला ठेवली आणि 'द परफ्युम्ड गार्डन' नावाने स्वतःचा कार्यक्रम सुरू केला. त्यात अमेरिकेहून आणलेल्या रेकॉर्ड, कुणी न ऐकलेले बँड, श्रोत्यांची पत्रं असं सगळं असायचं. पत्रांचा नुसता पाऊस पडायला लागला.

पण ही मजा काही महिनेच टिकली. सरकारने पायरेट रेडिओविरुद्ध कायदा केला आणि १४ ऑगस्ट १९६७ ला रेडिओ लंडन बंद पडलं. दुसरीकडे तरुण श्रोत्यांना काहीतरी द्यायला हवं हे बीबीसीलाही समजलं होतं. ३० सप्टेंबर १९६७ ला रेडिओ १ सुरू झालं आणि जहाजांवरचे बरेच निवेदक तिथे आले. पीलही आला. पुढची ३७ वर्षं तो तिथेच होता. पहिल्या फळीतल्या निवेदकांपैकी इतकी वर्षं तिथे टिकलेला तो एकटाच.

एका अडचणीतून तयार झालेला खजिना

आता एक तांत्रिक गोष्ट समजून घेऊ, कारण पीलचं सगळ्यात मोठं काम त्यातूनच उभं राहिलं.

बीबीसीला हव्या तितक्या रेकॉर्ड वाजवता येत नव्हत्या. रेडिओवर सारख्या रेकॉर्डच वाजल्या तर आमच्या पोटाचं काय, अशी वादकांच्या युनियनची भूमिका होती. रेकॉर्ड कंपन्यांनाही विक्री घटायची भीती होती. त्यामुळे दिवसातून ठरावीक तासच रेकॉर्ड वाजवायच्या असा करार होता. याला 'नीडल टाइम' म्हणायचे, म्हणजे रेकॉर्डवर सुई टेकवायचा वेळ.

उरलेला वेळ भरायला बीबीसी कलाकारांना स्टुडिओत बोलवायची आणि त्यांच्याकडून गाणी नव्याने वाजवून घ्यायची. बाकीच्यांसाठी ही कटकट होती. पील आणि त्याच्या निर्मात्यांनी याच नियमाचं सोनं केलं.

एखादा नवा बँड त्यांना आवडला की त्याला बीबीसीच्या स्टुडिओत बोलवायचं. एका दिवसात साधारण चार गाणी रेकॉर्ड करायची. घासूनपुसून चकचकीत करायला वेळच नाही, त्यामुळे बँड जसा आहे तसाच ऐकू यायचा. बँडची अजून एकही रेकॉर्ड निघालेली नसली तरी चालायचं. यालाच पुढे 'पील सेशन्स' म्हणायला लागले. त्याच्या कारकिर्दीत २००० हून जास्त कलाकारांची ४००० हून जास्त सेशन्स झाली. १९६९ पासून निर्माता जॉन वॉल्टर्स त्याच्या जोडीला आला आणि ही जोडी वीसेक वर्षं टिकली.

सत्तरचं दशक

डेव्हिड बोवीला फार कुणी ओळखत नव्हतं तेव्हा, डिसेंबर १९६७ मध्ये, पीलच्या 'टॉप गिअर' या कार्यक्रमात त्याचं सेशन वाजलं. मार्क बोलन हा तर पीलचा मित्रच. लोक त्याची गाणी ऐकायला तयार नसताना पील ती सारखी वाजवायचा.

१९७० मध्ये पिंक फ्लॉइडचं 'अ‍ॅटम हार्ट मदर' त्याने मैफलीच्या कार्यक्रमातून ऐकवलं. रेकॉर्डची अख्खी एक बाजू व्यापणारी ही रचना. दिवसा रेडिओवर तीन मिनिटांचं गाणं लागायचं त्या काळात हे धाडसच होतं.

आणि १ एप्रिल १९७१ ला लंडनच्या पॅरिस थिएटरमध्ये लेड झेपलिनची मैफल रेकॉर्ड झाली. निवेदक होता जॉन पील. तीन दिवसांनी ती रेडिओवर लागली. त्यात बँडने आठ मिनिटांच्या वर जाणारं एक नवं गाणं वाजवलं. त्याचा अल्बम बाजारात यायला नोव्हेंबर उजाडणार होता. ते गाणं म्हणजे 'स्टेअरवे टू हेवन'. १९७६ मध्ये श्रोत्यांनी ज्याला पहिला नंबर दिला, ते रेडिओवर पहिल्यांदा लागलं तेव्हा ओळख करून द्यायला पीलच होता.

मे १९७३ मध्ये माइक ओल्डफिल्ड नावाच्या २० वर्षांच्या पोराचा 'ट्युब्युलर बेल्स' आला. रिचर्ड ब्रॅन्सनच्या नव्याकोऱ्या व्हर्जिन रेकॉर्ड्सचा हा पहिलाच अल्बम. सुमारे ४९ मिनिटांचं संगीत, त्यात गाणं असं जवळपास नाहीच. पीलने तो कार्यक्रमात लावला आणि दुसऱ्या दिवसापासून लोक दुकानात विचारायला लागले. व्हर्जिनचा पाया या अल्बमने घातला आणि त्यात पीलच्या त्या रात्रीचा वाटा मोठा होता.

गोंधळही कमी नव्हते. रेकॉर्ड चुकीच्या स्पीडवर लावणं ही तर त्याची ओळखच होती. एकदा रॉबर्ट फ्रिप आणि ब्रायन ईनो यांच्या अल्बमची टेप उलटी लागली आणि तशीच वाजत राहिली. संगीतच असं होतं की बऱ्याच श्रोत्यांना पत्ताही लागला नाही.

पण प्रसिद्ध झाल्यावर आपले बँड बदलतात, हे त्याला खुपायचं. १९७१ मध्ये मार्क बोलनच्या टी. रेक्सचं 'गेट इट ऑन' हिट झालं. पीलला ते पटलं नाही आणि त्याने ते लपवलं नाही. इतक्या वर्षांची मैत्री त्यात विरली. बोलन १९७७ मध्ये कार अपघातात गेला.

श्रोत्यांची नाराजी

आता परत १९७६ मध्ये येऊ.

तोपर्यंत रॉक श्रीमंत झालं होतं. मोठमोठी स्टेडियम, वीस-वीस मिनिटांचे गिटार सोलो, ट्रक भरून वाद्यं. घरात गिटार घेऊन बसलेल्या पोराला हे आपल्याला जमेल असं वाटायचं कारणच उरलं नव्हतं.

रमोन्सच्या पहिल्या अल्बममध्ये नेमकं उलटं होतं. मोजके कॉर्ड, भन्नाट वेग आणि विषय संपला. पीलने एकाच कार्यक्रमात त्यातली अनेक गाणी लावली आणि तक्रारींची पत्रं यायला लागली. हा गोंगाट बंद करा, असा त्यांचा सूर.

ही पत्रं लिहिणारे काही परके नव्हते. गेली आठ-नऊ वर्षं रात्र जागून पीलला ऐकणारे त्याचेच लोक होते. पिंक फ्लॉइड, लेड झेपलिन त्यांना त्यानेच दिलं होतं. आता तोच माणूस म्हणत होता की चला, पुढे. त्यांना फसवल्यासारखं वाटलं तर त्यांचं फार चुकलं नाही.

पील थांबला नाही. सेक्स पिस्टल्स, द डॅम्ड, द क्लॅश त्याच्या कार्यक्रमात वाजत राहिले. पील नंतर सांगायचा की महिन्याभरातच त्याच्या श्रोत्यांचं सरासरी वय दहा वर्षांनी खाली आलं. जुने गेले, त्यांची धाकटी भावंडं आली.

१९७७ मध्ये तर त्याने श्रोत्यांची मतंच घेतली नाहीत, यादी स्वतःच्या आवडीने बनवली. १९७८ मध्ये पुन्हा मतदान झालं तेव्हा पहिल्या नंबरवर सेक्स पिस्टल्सचं 'अनार्की इन द यूके' होतं. दोन वर्षांत 'स्टेअरवे टू हेवन' खाली घसरलं होतं.

गंमत पुढे झाली. काही वर्षांत पंकची गाणीही जुनी झाली आणि श्रोते त्यांनाच धरून बसले. दरवर्षी त्याच त्या गाण्यांना मतं पडायला लागली. म्हणून १९८२ नंतर नियमच बदलला. मत द्यायचं तर त्याच वर्षीच्या गाण्याला द्या. कुठल्याही पिढीला आपली जुनी गाणी कवटाळायची सवय असते, हे पीलला एव्हाना कळलं होतं.

एकच गाणं, लागोपाठ दोनदा

मग त्याला स्वतःचं असं काही लाडकं नव्हतंच का? होतं की.

सप्टेंबर १९७८ मध्ये उत्तर आयर्लंडच्या डेरी शहरातल्या 'द अंडरटोन्स' या बँडची एक छोटी रेकॉर्ड त्याच्याकडे आली. बेलफास्टमधल्या एका रेकॉर्डच्या दुकानदाराने ती काढली होती. तेव्हा तिथून बातम्या यायच्या त्या बॉम्बस्फोट आणि लष्कराच्या. त्यात या पोरांनी 'टीनेज किक्स' नावाचं अडीच मिनिटांचं प्रेमगीत पाठवलं होतं. पीलने ते लावलं, संपल्यावर लगेच परत लावलं. ते ऐकून एका अमेरिकन कंपनीने बँडशी करार केला. पीलसाठी मात्र ते आयुष्यभर सगळ्यात आवडतं गाणं राहिलं.

पुढे जॉय डिव्हिजन, द स्मिथ्स, पीजे हार्वी, द व्हाइट स्ट्राइप्स अशी नावं त्याच्या कार्यक्रमात आली. रेगे, आफ्रिकन गिटार, हिपहॉप, टेक्नो, सगळ्याला जागा होती. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसवरही त्याचा कार्यक्रम असायचा, त्यामुळे ब्रिटनबाहेरही लोक शॉर्टवेव्हवर त्याला ऐकायचे. श्रोते कार्यक्रम कॅसेटवर टेप करून ठेवायचे. अशा कॅसेट जपणाऱ्यांनी पुढे त्या डिजिटल केल्या, म्हणून आज त्यातले बरेच कार्यक्रम ऐकायला मिळतात.

घरी तो अगदी साधा माणूस. १९७४ मध्ये त्याने शीला गिलहूलीशी लग्न केलं. सफोकमधल्या ग्रेट फिनबरो गावात राहिला. कट्टर लिव्हरपूल फॅन इतका की चारही मुलांच्या नावात क्लबशी जोडलेला एक शब्द घातला. १९९८ पासून रेडिओ ४ वर 'होम ट्रुथ्स' हा घरगुती गप्पांचा कार्यक्रमही तो करायचा. ज्यांनी आयुष्यात रॉक ऐकलं नव्हतं, त्यांच्याही घरात तो पोचला.

दुसरी बाजू

पण मघाशी सोडलेला विषय. अमेरिकेतल्या त्या वर्षांत अल्पवयीन मुलींशी आपला संबंध आल्याचं पीलने स्वतःच मुलाखतींमध्ये सांगितलेलं होतं. त्या काळी कुणी त्याला जाब विचारला नाही. २०१२ मध्ये, तो गेल्यानंतर आठ वर्षांनी, एका महिलेने जाहीरपणे सांगितलं की १९६९ मध्ये ती १५ वर्षांची असताना पीलने तिच्याशी संबंध ठेवले होते. उत्तर द्यायला पील हयात नव्हता. पण त्याने स्वतः जे सांगून ठेवलं होतं तेही हलकं नाही. त्याच्यावर प्रेम करणाऱ्या श्रोत्यांना तेव्हापासून या दोन्ही गोष्टी एकत्र धरूनच त्याची आठवण काढावी लागते.

शेवट

२५ ऑक्टोबर २००४ ला पेरूमधल्या कुस्को शहरात हृदयविकाराच्या झटक्याने जॉन पीलचं निधन झालं. वय ६५. तिथे तो काम आणि सुट्टी असं दोन्ही साधून गेला होता. अंत्यविधी बरी सेंट एडमंड्सच्या कॅथेड्रलमध्ये झाला. हजारावर लोक आले होते. शवपेटी बाहेर नेताना 'टीनेज किक्स' वाजवलं गेलं. त्याच गाण्यातले शब्द आज ग्रेट फिनबरोमधल्या त्याच्या कबरीवर कोरलेले आहेत.

मागे उरला तो रेकॉर्डचा डोंगर. सुमारे २६ हजार एलपी, ४० हजार सिंगल्स आणि हजारो सीडी. सगळ्याची त्याने कार्डांवर नीट नोंद ठेवलेली. शिवाय एक छोटी लाकडी पेटी होती. घराला आग लागली तर आधी हिला वाचवायचं, अशी निवडक सिंगल्स त्यात होती. सुमारे १४० रेकॉर्ड.

म्हणजे जुन्या गाण्यांची माया त्यालाही होतीच. फरक एवढाच की त्याने ती पेटीत, घरी ठेवली. रेडिओवर बसल्यावर त्याच्यासमोर असायची ती आजच पोस्टाने आलेली, अजून कुणी न ऐकलेली रेकॉर्ड. १९७१ मध्ये त्या वेळेला त्याच्यासमोर 'स्टेअरवे टू हेवन' होतं. आज ज्या गाण्यांना आपण क्लासिक म्हणतो, त्यांनाही कधीतरी असाच एक निवेदक लागला होता, ज्याने ती कुणी ओळखत नसताना वाजवली.